पाठमोरं घर

स्कुतेविका, बर्गन
सोमवार, ३ मार्च १९७५

आणि वर तुझं उत्तर काय, तर "लाल आहे ते लालच राहू दे"! मॉन्स, मेल्या, मी तुला घराचा रंग विचारला नव्हता. सही मागितली होती. नोव्हेंबरात कागद पाठवले, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुलीसुद्धा मारून दिली, आणि तीन महिने थांबून तू मला काय पाठवतोस? बर्फातल्या हरणाचं कार्ड, आणि हरणाच्या पायाखाली ही एक ओळ. ब्रुकलिनमध्ये शाई महाग झाली का?

परत सांगते, या वेळी चष्मा लावून वाच. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मासळीबाजारात कोळंबी विकते. मला जे कळलं ते तुला कळायला हरकत नाही. नगरपालिकेला खालचा रस्ता रुंद करायचाय. आपल्या बोळातली खालच्या अंगाची घरं त्यांच्या वाटेत येतात, त्यात आपलं पहिलं. पण आता म्हणे जुन्या घरांची यादी करतायत. यादीत नाव लागलं की घराला कोणी हात लावायचा नाही. यादी तेरा जूनला बंद. अटी दोनच. सगळ्या मालकांच्या सह्या हव्यात, आणि घराचं बोळाकडचं तोंड पूर्वी होतं तसं पांढरं हवं. मालक आपण दोघं. बाबा तसं लिहून गेले. ज्या मुलाचं नाव सोळा वर्षं तोंडातून काढलं नाही, त्याला अर्धं घर का दिलं ते त्यांनाच ठाऊक.

पांढरं तोंड म्हटल्यावर मी कुठे बघू? बोळात सव्वीस घरं. सगळ्यांची तोंडं पांढरी, पाठी लाल. पांढरा रंग महागाचा म्हणून लोकांना दाखवायला पुढे, आणि माशाच्या तेलात कालवलेला गेरू मागे, जिथे कोंबड्या आणि संडास. हे इथल्या मांजरांनाही माहीत आहे. घराच्या तोंडाला गेरू फासणारा माणूस अख्ख्या बर्गनमध्ये एकच निघाला आणि तो माझा सख्खा भाऊ निघाला. तोही कधी? माझ्या लग्नाच्या तीन दिवस आधी!

बाबांनी तो जस्ताच्या पांढऱ्या रंगाचा डबा लढाईची पाच वर्षं कोळशाखाली पुरून ठेवला होता. जर्मन झडतीला आले तेव्हा आई त्या कोळशाच्या ढिगावर बसून बटाटे सोलत राहिली, आठवतं? शांतता झाली की घर रंगवायचं, आणि गुडनी पांढऱ्या घरातून नवरी होऊन निघेल. एवढंच मागणं होतं त्या माणसाचं. तू तो डबा विकून प्यायलास. बाबांनी विचारलं, डबा कुठे? तू मान वर न करता म्हणालास, "संपला." मी दाराशीच उभी होते.

लग्नाच्या दिवशी पायऱ्या उतरताना समोरच्या डोर्देईने खिडकीतून हाक मारली, "अगं गुडनी, चुकून मागच्या दाराने निघालीस की काय?" अख्खा बोळ हसला. इंगवाल्डची आई, माझी होणारी सासू, तीही हसली. तेव्हापासून आपल्याला पाठमोरे म्हणतात. आजही बाजारात कोणी म्हणतं, "पाठमोऱ्यांच्या गुडनीकडून घे, ताजी असते."

आणि सोमवारी तू जहाजावर. ना आईच्या मातीला आलास, ना बाबांच्या.

कागद परत पाठवते आहे. फुली जिथे आहे तिथे.

गुडनी

ता. क. गुडघ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस.


ब्रुकलिन
१४ मार्च १९७५

गुडनी,

शाई स्वस्त आहे. मीच जपून वापरतो.

सही करायला माझी ना नाही. ना आहे ती पांढऱ्याला. इंगवाल्डने अठ्ठावन साली पांढरा लावून पाहिला होता, विसरलीस? तूच लिहिलं होतंस, दुसऱ्याच उन्हाळ्यात दाराच्या डाव्या अंगाला तपकिरी डाग उमटले. त्याने वरून आणखी एक हात दिला, डाग परत वर आले. शेवटी बिचाऱ्याने कंटाळून पुन्हा गेरू फासला. ओल आहे ती, खडकातून येते. तीस वर्षं लोकांची घरं रंगवतोय मी, एवढं मला कळतं. ते तोंड पांढरं धरणार नाही. तुझे ते यादीवाले लाल रंगाला घेत असतील तर आज सही करतो.

डब्याबद्दल बाबांना जे सांगितलं ते खरं होतं. त्यापेक्षा जास्त माझ्याकडे सांगायला नाही.

गुडघा वाकतो, पण वाकला की सरळ व्हायला वेळ घेतो. डोर्देई अजून आहे? तिच्या खिडकीबाहेरचा तो आरसा आहे का, अख्खा बोळ दिसायचा तो? मी विचारलं म्हणून सांग.

तुझा
मॉन्स


स्कुतेविका
सोमवार, २४ मार्च १९७५

मॉन्स,

डोर्देई आहे. ब्याऐंशीची झाली, दात गेले, जीभ राहिली. आरसाही आहे. तू विचारलंस म्हणून सांगितलं, तर तिने खिडकी लावून घेतली. लोकांना तू अजून नको आहेस बघ.

नगरपालिकेतून मुलगी आली होती. तुरिड नाव. पंचविशीची असेल, पुरुषी पँट, पायात रबरी बूट. मला वाटलं ही काय घर बघणार! तर तिने पिशवीतून डॉक्टरांची असते तसली बारीक सुरी काढली आणि दाराच्या उजव्या बाजूला, बोटभर जागेत, रंग खरवडायला बसली. पावसात, दोन तास. एक थर काढायचा, अर्धा इंच सोडायचा, मग खालचा काढायचा. झालं तेव्हा भिंतीवर शिडी उभी होती, रंगांची. मला हात धरून दाखवलं तिने. सगळ्यांत खाली उघडं पाइनचं लाकूड. त्यावर पिवळट, तो म्हणे आपल्या पणजोबांच्याही आधीचा. मग फिकट राखी. मग पांढरा, पांढरा, पांढरा, दर पिढीचा एक. शेवटच्या पांढऱ्यावर लढाईतली काजळी. काजळीवर तुझा गेरू. त्यावर इंगवाल्डचा पांढरा आणि परत गेरू.

मी म्हटलं, "ही काजळी म्हणजे आमच्या आईचा स्वयंपाक." ती पोरगी हसली नाही, वहीत लिहून घेतलं.

तिला तुझी ओलीची गोष्ट सांगितली. ती म्हणते, ओल अशी एकाच जागी, आडव्या रांगेत येत नाही. ईस्टर झाला की ती डाव्या बाजूलाही शिडी करणार आहे. मग कळेल कोण रंगारी आहे ते.

तुला ते घर पडलेलं बघायचंय का, मॉन्स? तसं असेल तर तसं लिही. मी रडणार नाही. मी तिथे जन्मले, तिथेच इंगवाल्ड मेला, बटाट्याचे रास्पेबॉल उकडायचं आईचं पातेलं तिथेच आहे. पण रडणार नाही. फक्त तोंडावर सांग.

गुडनी


ब्रुकलिन
१ एप्रिल १९७५

गुडनी,

कागद सोबत आहेत. तुझ्या फुलीवर सही केली आहे, दोन्ही प्रतींवर. पांढरा करा, पिवळा करा, काय करायचं ते करा.

पण डावीकडे त्या मुलीला खरवडू देऊ नकोस. दार आणि स्वयंपाकघराची खिडकी यांच्या मधल्या फळ्या कमरेपासून डोक्यापर्यंत सगळ्या उतरवून घे आणि जाळून टाक. सुताराला सांग, नव्या बसव. त्या कुजल्या आहेत. उतरवताना तू तिथे थांबू नकोस, बाजारात जा. त्या दिवशी कोळंबी जास्त विक.

लहानपणापासून तू माझं एकही ऐकलं नाहीस. एवढं एक ऐक.

मॉन्स


स्कुतेविका
रविवार, १३ एप्रिल १९७५

मॉन्स,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तुरिड बुधवारी येणार होती. तुला काय वाटलं, असं पत्र वाचून मी बाजारात जाईन?

ती आली, डागावर नाक टेकवलं आणि म्हणाली, "ओल नाही हो ही. डांबर आहे. वास घ्या." मी वास घेतला. बाबांच्या होडीचा वास. तुझं पत्र आठवलं. मी तिला म्हटलं, "सुरी इथे ठेव आणि आत जाऊन बस. कॉफी आहे, दालचिनीचा पाव आहे, सगळा संपव. मी बोलावेन तेव्हाच बाहेर ये." शहाणी पोरगी. लगेच आत गेली.

वरचा लाल काढला. इंगवाल्डचा पांढरा काढला, तुझा लाल काढला. त्याखाली काजळी यायला हवी होती, उजवीकडे आहे तशी. काजळी नव्हती. पांढरा होता. चांगला, जाड, जस्ताचा. एक हात नाही, चार हात. चारही हातांत तपकिरी रेघा मिसळलेल्या, कॉफीत दूध ढवळल्यासारख्या.

मी सुरी हातात धरून तशीच बसले पायरीवर. डोर्देईने खिडकी उघडली. "काय सापडलं गं?"

मी म्हटलं, "बाबांचा डबा."

मग उरलेलंही खरवडलं. माझं नाव, वीतभर उंचीच्या काळ्या अक्षरांत. पुढे जर्मनांची, आणि त्यापुढचा शब्द. तो मी लिहीत नाही. तू तो झाकलास, तुला माहीत आहे.

डोर्देई खाली आली. चार वर्षांत ती तिच्या पायऱ्या उतरली नव्हती. काठी टेकत बोळ ओलांडून आली आणि माझ्या शेजारी बसली, ओल्या दगडावर, झग्याची पर्वा न करता. म्हणाली, "पहाटे चारपासून करत होता तो. मी आरशात बघत होते. आधी रॉकेलने पुसलं, तर सगळं आणखी पसरलं. मग पांढरा. मग परत पांढरा. रडत होता गं."

मी म्हटलं, "म्हणजे तू वाचलं होतंस."

"वाचलं होतं."

"आणि तीस वर्षं मला मागच्या दाराची म्हणून चिडवलंस?"

तर म्हातारी काय म्हणते! "लग्नाला अख्खा बोळ जमला होता. जो तो त्या लाल भिंतीकडे बघून विचार करत होता, असं का रंगवलं? कोणीतरी त्यांना हसायला कारण द्यायला नको होतं? हसले की विचारायचं राहतं."

मॉन्स, मी त्या म्हातारीला तीस वर्षं शिव्या घातल्या. दर नाताळाला तिला सगळ्यांत लहान मासा विकला.

आता तुला सांगते ते कोणालाच सांगितलेलं नाही. मी जर्मनांच्या छावणीच्या धोबीघरात चादरी धुवायचे, ते तुला माहीत आहे, अर्ध्या शहराच्या पोरी धुवायच्या. एक शिपाई होता ल्युबेकचा. एकोणीस वर्षांचा. त्याच्याबरोबर दोनदा चालत गेले, वर टेकडीवरच्या, आगीवर नजर ठेवायच्या जुन्या बुरुजापर्यंत. त्याची दाढ सतत ठणकायची. दोन्ही वेळा तो दाढेबद्दलच बोलला. मी त्याला लवंग दिली. संपलं. यापेक्षा जास्त काही झालं असतं तर तेही आज लिहिलं असतं, या वयात मला कोणाची भीती?

तू मला विचारलं का नाहीस?

गुडनी


ब्रुकलिन
२५ एप्रिल १९७५

गुडनी,

विचारलं असतं तर तुला कळलं असतं की काय लिहिलं होतं.

पाचची पाळी होती, म्हणून चारला उठलो. दार उघडलं, बाहेर आलो, आणि मागे वळून पाहिलं. डांबर अजून ओलं होतं. आत तू झोपली होतीस. तुझा लग्नाचा झगा स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेला. आईने पॅराशूटच्या कापडाचा शिवला होता, त्याची एक बाही अजून लावायची राहिली होती.

बाबांचा डबा उपसला. मला वाटलं होतं, एका हातात काम होईल, बाबा उठले की म्हणेन, मी सुरुवात केली, चला, पुढे आपण मिळून करू. पण डांबर पांढऱ्यातून वर येतं. मी तेव्हा गोदीतला हमाल होतो, मला काय माहीत. चार हात दिले. डब्याचा तळ खरवडला. अक्षरं तशीच्या तशी, फक्त तपकिरी. मग मागच्या अंगणातून गेरू आणला. तो धरला, तपकिरी त्यात लपलं. एवढाच तुकडा लाल ठेवला तर लोक विचारणार, म्हणून सगळं तोंड रंगवलं. दूधवाली यायच्या आत दाराची बाजू झाली, बाकीचं आठपर्यंत.

बाबांनी डबा कुठे विचारलं, मी संपला म्हणालो. ते म्हणाले, ज्याला घराचं तोंड आणि पाठ कळत नाही त्याने या घरात राहू नये. सांगितलं असतं तर त्यांनी दाराशी जाऊन ते खरवडलं असतं, तूही बघितलं असतंस, शनिवारी इंगवाल्ड आला नसता. मी हिशोब केला नाही. मला जहाज मिळालं, मी गेलो.

आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की ते खरं आहे. खरं असलं तरी माझी बहीण होतीस. म्हणून विचारलं नाही.

इंगवाल्डने पांढरा लावल्याचं तू लिहिलंस तेव्हा मी महिनाभर नीट जेवलो नाही.

आता सही झाली आहे, यादीत नाव लागेल. त्या फळ्या जाळ. माझं तिथे काही काम उरलेलं नाही. गुडघा असा, बोळाला बेचाळीस पायऱ्या. आणि मला ओळखणारी एक डोर्देई, तीही खिडकी लावून घेते.

तुझा
मॉन्स


स्कुतेविका
गुरुवार, ८ मे १९७५

मॉन्स,

पायऱ्या एकेचाळीस आहेत. सगळ्यांत खालची बाहत्तर साली पाणीवाल्यांनी उखडली, परत बसवली नाही. म्हणजे एक कमी झाली, कारण संपलं.

आज शांततेला तीस वर्षं झाली म्हणून सगळ्या बोळात झेंडे आहेत. मी आपलाही लावला. झेंड्याखाली लाल भिंत आणि तिच्यात खरवडलेली ती काळी रांग. नाही, उघडी नाही ठेवली, गोणपाट टांगलं आहे. बोळातली बायका-माणसं येता जाता बघतात. कोणी लिहिलं होतं ते मला शोधायचं नाही. अर्धे मेले असतील. उरलेल्यांना मी रोज कोळंबी विकते.

फळ्या जाळणार नाही. तुरिडला विचारलं, ती म्हणाली त्या अडीचशे वर्षांच्या आहेत, आत एक किडा नाही, तुझ्या कुजक्या ओलीचा तर पत्ताच नाही. मी म्हटलं मग डांबराचं काय करू? ती म्हणाली, त्यावर आधी लाखेचे दोन हात द्यायचे, पातळ करून. लाखेतून डांबर वर येत नाही. त्यावर पांढरा द्या, शंभर वर्षं पांढरा राहील. बस, इतकं सोपं. तीस वर्षं लोकांची घरं रंगवतोस आणि तुला हे ठाऊक नाही असं मला सांगू नकोस. ठाऊक होतं. लिहिलं असतंस तर का ते सांगावं लागलं असतं. कळलं मला. रागावत नाही. थोडी रागावते आहे.

तू लिहिलंस, खरं असलं तरी बहीण होतीस. ते वाक्य मी सहा वेळा वाचलं. डोर्देईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला सांग, खिडकी मी रागाने लावली नव्हती. डोळे पुसायचे होते, आणि ते काय रस्त्यावर पुसायचे?" हिला या वयात लाज वाटायला लागली आहे.

बाबांच्या कबरीवरही जाऊन आले. त्यांना सांगितलं डबा कुठे गेला ते. मोठ्याने सांगितलं, शेजारच्या कबरीवर फुलं लावणारी बाई बघायला लागली तरी सांगितलं. पण मॉन्स, मला वाटतं त्यांना शेवटी शेवटी काहीतरी कळलं होतं. इंगवाल्डने परत गेरू लावला त्या दिवशी ते खुर्ची घेऊन बोळात बसले होते आणि त्या डागांकडे किती तरी वेळ बघत होते. त्याच हिवाळ्यात त्यांनी वकिलाला बोलावून तुझं नाव घातलं. मी खोलात जात नाही. तू ये आणि त्या खुर्चीवर बसून बघ.

आता कामाचं. सह्या पोचत्या केल्या. तुरिड तेरा जूनला सकाळी शेवटचं बघायला येणार, तोवर तोंड पांढरं हवं, नाहीतर यादीतून नाव जाईल. तिने दोन रंगारी सुचवले. मी दोघांना परत पाठवलं. दुसऱ्या कोणाचा हात त्या फळ्यांना लागू देणार नाही. उन्हाळ्यातले आठ दिवस कोरडे मिळाले तर काम होतं, आणि शिडीवर मी चढेन, तू खालचा भाग कर, गुडघा वाकतो तेवढा पुरे आहे. तू आला नाहीस तर घर लालच राहील आणि रस्त्यात जाईल. याला धमकी म्हण, मला काही वाटत नाही.

लाख आणून ठेवली आहे. पांढऱ्याचा डबाही आणला, जस्ताचा, चांगला. तळघरात ठेवला आहे, कोळशाखाली, तिथेच.

सही नको, कार्ड नको, हरीण तर अजिबात नको. कुठल्या दिवशी उतरतोस ते लिही. शुक्रवार, तीस मेच्या आत मला उत्तर हवं.

गुडनी